संगणकाविरुद्धच्या बुद्धिबळ सामन्यात वेळ किती ठेवावा, आणि मानांकन कसे मोजावे?

जुळेसोलापूरचे_प्यादे (मूळ प्रश्न)

नमस्कार. जुळे सोलापुरात आम्ही दहा-बारा जण दर रविवारी सकाळी बुद्धिबळ खेळण्यासाठी एकत्र येतो. त्यात विडी घरकुलाकडून येणारे दोन शाळकरी भाऊ आहेत, तसेच बँकेतून निवृत्त झालेले गृहस्थही आहेत. येत्या मे महिन्यात, शाळांना सुट्टी असताना, आमचे आठ खेळाडू विरुद्ध एक लॅपटॉप असा आठ डावांचा सामना लोकांसमोर खेळवण्याचा विचार आहे. लॅपटॉपवर स्टॉकफिश हे मोफत मिळणारे इंजिन, म्हणजे बुद्धिबळ खेळणारा प्रोग्राम, असेल. आठही खेळाडूंना फिडेचे, म्हणजे जागतिक बुद्धिबळ महासंघाचे, मानांकन (खेळाची ताकद दाखवणारा आकडा) आहे. सर्वांत कमी १४८० आणि सर्वांत जास्त १८१० असून सरासरी साधारण १६४० येते.

वेळेवरून आमच्यात दोन तट पडले आहेत. ज्येष्ठ मंडळींचे म्हणणे असे की प्रत्येकी ९० मिनिटे आणि दर चालीला वाढीव ३० सेकंद असा पूर्ण वेळ द्यावा, कारण घाईचा डाव म्हणजे यंत्राला आयती मेजवानी. तरुणांचे म्हणणे असे की सोलापूरच्या मे महिन्यात पत्र्याच्या सभागृहात चार तास कोणी बसणार नाही, तेव्हा दहा मिनिटांचे डाव ठेवावेत. यांपैकी कोणते योग्य? दुसरे असे की, या डावांचे निकाल मानांकनासाठी पाठवता येतात का, आणि येत नसतील तर निदान आठ डावांवरून आमच्या लॅपटॉपचे मानांकन काढून ते फलकावर लिहिता येईल का?

नवीपेठेतला_उंट

प्रश्न चांगला आहे, आणि वेळेच्या बाबतीत आपल्या ज्येष्ठांचे म्हणणे एके काळी अक्षरशः खरे होते. त्याचा सर्वांत स्वच्छ पुरावा आपल्याच विश्वनाथन आनंद यांच्या एका सामन्यात सापडतो. जुलै १९९८ मध्ये इटलीतील इस्किया बेटावर ते रिबेल या संगणक प्रोग्रामविरुद्ध आठ डाव खेळले, आणि त्या एकाच सामन्यात वेळेचे तीन प्रकार होते. चार अतिजलद डावांत रिबेलने ३-१ अशी बाजी मारली, पंधरा मिनिटांच्या दोन डावांत रिबेल दीड विरुद्ध अर्धा असा पुढे राहिला, आणि पूर्ण वेळेच्या दोन डावांत मात्र आनंद यांनी दीड विरुद्ध अर्धा असा विजय मिळवला. एकूण निकाल ५-३ असा रिबेलच्या बाजूने लागला. पण हा आकडा एकटा वाचला तर त्यातून काहीच कळत नाही, कारण खेळाडू तोच, यंत्र तेच, आणि घड्याळ बदलताच निकालाची दिशा उलटली.

त्याआधी चार वर्षे, १९९४ मध्ये, तेव्हाचे जगज्जेते कास्पारोव्ह म्युनिकच्या अतिजलद स्पर्धेत फ्रिट्झ या प्रोग्रामकडून एक डाव हरले होते, आणि त्याच वर्षी लंडनला पंचवीस मिनिटांच्या डावांत चेस जीनियस या दुसऱ्या प्रोग्रामने त्यांना स्पर्धेबाहेर काढले होते. तरीही कोणी ‘यंत्र जगज्जेते झाले’ असे म्हटले नाही. फेब्रुवारी १९९६ मध्ये फिलाडेल्फियाला आयबीएमच्या डीप ब्लू या संगणकाने कास्पारोव्ह यांच्याविरुद्ध पहिला डाव जिंकला तेव्हा त्याची दखल एवढ्यासाठीच घेतली गेली की तो पूर्ण वेळेचा डाव होता. त्याच दोघांच्या १९९७ च्या न्यूयॉर्क सामन्यातही, जो डीप ब्लूने जिंकला, पहिल्या ४० चालींना दोन तास आणि पुढच्या २० चालींना एक तास अशी जुनी, भारदस्त वाटणी होती.

यामागचे कारण असे. वेळ दुप्पट केला की यंत्राचा शोध फार तर एखाद्या चालीने खोल जातो, कारण प्रत्येक पुढच्या चालीला शक्यतांचे झाड कित्येक पटींनी फोफावते. माणसाचे तसे नसते. पाच मिनिटांच्या डावात आपण हत्ती फुकट देऊन बसतो, आणि तीच स्थिती अर्ध्या तासाच्या डावात आपल्याला नीट दिसते. म्हणजे वाढीव वेळाने यंत्र थोडे सुधारते आणि माणूस बराच.

मात्र हे सगळे दोघे एकमेकांच्या आसपास असताना लागू होते. आजचे स्टॉकफिश पूर्ण ताकदीने खेळले आणि तुमच्या खेळाडूला चार तास काय, चार दिवस दिले, तरी निकालात फरक पडणार नाही. मानांकनाची पद्धत बसवणाऱ्या एलो यांच्या सूत्राने पाहा: मानांकनातील फरक २०० असेल तर वरच्याला साधारण ७६ टक्के गुण अपेक्षित असतात, ४०० असेल तर ९१ टक्के, आणि १००० असेल तर खालच्याच्या वाट्याला सुमारे तीनशे डावांत एक गुण येतो. तुमची तफावत त्याहूनही मोठी आहे. म्हणून घड्याळाचा वाद घालण्याआधी यंत्राची ताकद किती ठेवायची हे ठरवा. त्याशिवाय ९० मिनिटे आणि १० मिनिटे यांत फरक एवढाच की हरायला किती वेळ लागेल.

भुईकोट_पंच

मानांकनाबद्दल लिहितो, कारण माझा बराच काळ त्याच कागदपत्रांत गेला आहे.

फिडेच्या मानांकनासाठी हे डाव चालणार नाहीत. फिडेचे मानांकन नोंदणीकृत खेळाडूंमधील, राष्ट्रीय महासंघामार्फत आधी नोंदवलेल्या स्पर्धांतील डावांवर मोजले जाते, आणि संगणक हा खेळाडू म्हणून त्या यादीत नसतोच. डीप ब्लूलाही फिडेचे मानांकन कधी नव्हते, आणि त्याच्याकडून हरल्यामुळे कास्पारोव्ह यांचा एक गुणही कमी झाला नाही. अमेरिकेच्या संघटनेने मात्र पूर्वी संगणकांना सदस्य करून मानांकन दिले होते.

तरीही वेळेचे वर्गीकरण फिडेच्याच पद्धतीने करावे, म्हणजे आपला सामना कोणत्या जातीचा आहे याविषयी घोळ राहत नाही. मूळ मिनिटांत ६० चालींचे वाढीव सेकंद मिळवायचे. बेरीज १० मिनिटे किंवा त्याहून कमी आली तर तो अतिजलद, म्हणजे ब्लिट्झ. १० च्या वर पण ६० च्या आत आली तर जलद, म्हणजे रॅपिड. पूर्ण वेळेच्या डावासाठी सध्याचा नियम असा की दोघांपैकी एकाचे मानांकन २४०० किंवा अधिक असेल तर प्रत्येकी किमान १२० मिनिटे हवीत, १८०० किंवा अधिक असेल तर ९०, आणि दोघेही १८०० च्या खाली असतील तर ६० मिनिटे पुरतात. तुमच्या तरुणांचे ‘दहा मिनिटे’ वाढीव सेकंदांशिवाय असतील तर तो ब्लिट्झ होतो, आणि त्याला दर चालीला पाच सेकंद जोडले की बेरीज १५ होऊन तोच रॅपिड होतो. ज्येष्ठांचे ९० अधिक ३० म्हणजे १२० मिनिटे. ते तुमच्या गटासाठी गरजेपेक्षा बरेच जास्त आहे.

आता लॅपटॉपच्या आकड्याविषयी. फलकावर लिहू नका, असा माझा सल्ला आहे, आणि त्याची दोन कारणे आहेत.

पहिले कारण गणिताचे आहे. लॅपटॉपने आठपैकी आठ डाव जिंकले तर कामगिरीचे मानांकन, म्हणजे केवळ या डावांच्या निकालांवरून निघणारा आकडा, काढताना फिडेच्या कोष्टकात शंभर टक्क्यांसाठी ८०० चा फरक धरला आहे. १६४० मध्ये ८०० मिळवले की २४४० येतात. म्हणजे सध्याच्या कोणत्याही जगज्जेत्याला सहज हरवील अशा इंजिनाच्या नावापुढे तुम्ही एका आंतरराष्ट्रीय मास्टरचा आकडा लिहाल! तो आकडा लॅपटॉपचा नसून कोष्टकाच्या मर्यादेचा आहे. आणि निकाल एकतर्फी नसला तरी थोड्या डावांवरचा आकडा लंगडाच असतो. १९९६ मध्ये कास्पारोव्ह यांचे मानांकन २७७५ होते आणि डीप ब्लूला सहा डावांत दोन गुण मिळाले. त्यावरून कामगिरी सुमारे २६५० निघते. १९९७ मध्ये त्यांचे मानांकन २७९५ होते आणि यंत्राला साडेतीन गुण मिळाले. त्यावरून सुमारे २८५०. मधल्या काळात यंत्राचा वेग सेकंदाला दहा कोटी स्थितींवरून वीस कोटींवर गेला होता आणि त्याचे पटावरचे ज्ञानही सुधारले होते, हे मान्य. पण दोनशे गुणांपैकी किती वाटा सुधारणेचा आणि किती योगायोगाचा, हे सहा-सहा डावांवरून कोणीही सांगू शकत नाही. त्यात १९९७ च्या दुसऱ्या डावात कास्पारोव्ह यांनी जी स्थिती सोडून दिली ती प्रत्यक्षात बरोबरीत सुटू शकत होती, हेही लक्षात घ्या. तो अर्धा गुण इकडचा तिकडे झाला असता तर २८५० चे सुमारे २८०० झाले असते.

दुसरे कारण अधिक मूलभूत आहे. मानांकन ही वजनासारखी एकट्या वस्तूची मोजणी नसते. ती एका गटातील खेळाडूंची परस्परांशी तुलना असते. आज इंजिनांच्या याद्यांत साडेतीन हजारांच्या वरचे आकडे दिसतात. ते इंजिनांनी इंजिनांशी, ठरावीक यंत्रावर, ठरावीक वेळेत खेळून आलेले असतात. माजी जगज्जेते कार्लसन यांचे २०१४ मधील २८८२ हे माणसांच्या गटातील शिखर त्या आकड्यांशेजारी ठेवून वजाबाकी करणे म्हणजे सोलापुरातला चादरीचा भाव आणि लंडनमधला लोकरीचा भाव यांची वजाबाकी करणे होय. स्वीडनमधील एसएसडीएफ ही संगणक-मानांकन करणारी संस्था हे चांगले ओळखून होती. माणसांशी झालेल्या डावांच्या तुलनेत आपले आकडे फुगलेले दिसतात असे लक्षात आल्यावर तिने २००० मध्ये सगळी यादी सरसकट १०० गुणांनी खाली आणली. एका रात्रीत सगळी इंजिने शंभर गुणांनी उतरली, आणि एकाचाही खेळ बिघडला नाही.

किस्तीमात_२१

मी येथे अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला आहे आणि इंजिनांशी बराच खेळ करत असतो, म्हणून वरच्या दोन्ही सरांच्या म्हणण्यात तांत्रिक बाजूची भर घालतो.

स्टॉकफिशची ताकद कमी करण्याची सोय आतच आहे. त्यात मानांकन ठरवण्याचा पर्याय असतो आणि तो १३२० पासून ३१९० पर्यंत ठेवता येतो. १६५० ठेवले की झाले, असे वाटेल; पण हा आकडा दोन मिनिटे अधिक दर चालीला एक सेकंद अशा वेळेत, इंजिनांच्या यादीशी जुळवून बसवलेला आहे. तो सोलापुरातल्या माणसाच्या पूर्ण वेळेच्या १६५० शी जुळेलच असे नाही. शिवाय कमी ताकदीवर ते ठरावीक खोलीपाशी थांबून, हाती असलेल्या चांगल्या चालींमधून थोडी यदृच्छेने एक चाल उचलते. त्यामुळे त्याला दहा मिनिटे दिली काय किंवा नव्वद दिली काय, त्याच्या खेळात फारसा फरक पडत नाही. जास्तीच्या वेळेचा फायदा जवळजवळ पूर्णपणे माणसाला मिळतो. म्हणजे १९९८ ला इस्कियात जे घडले ते येथे आणखी ठळकपणे घडेल. ज्येष्ठांचा पक्ष मागच्या दाराने परत आला, असे म्हणता येईल!

मला स्वतःला ही पद्धत आवडत नाही, कारण असे इंजिन पंधरा चाली निर्दोष खेळते आणि सोळाव्या चालीला उंट असाच सोडून देते. प्रेक्षकांना ते खोटे वाटते. दुसरा मार्ग पूर्ण ताकदीच्या इंजिनाकडून मोहऱ्याची सूट घेण्याचा, म्हणजे इंजिनाने एक मोहरे कमी घेऊन डाव सुरू करण्याचा. २००७ मध्ये ग्रँडमास्टर एल्व्हेस्ट रिब्का या इंजिनाविरुद्ध एका प्याद्याच्या सुटीने खेळले आणि साडेपाच विरुद्ध अडीच असे हरले; जानेवारी २०१६ मध्ये ग्रँडमास्टर नाकामुरा कोमोडो या इंजिनाविरुद्ध निरनिराळ्या सुटींनी चार डाव खेळले, तीन बरोबरीत सोडवले आणि शेवटचा गमावला. ग्रँडमास्टरांना प्यादे पुरले नाही, तेव्हा आपल्याला घोडाही पुरेलच असे नाही. सामन्याआधीचे दोन रविवार घोडा आणि हत्ती अशा दोन्ही सुटींनी खेळून पाहा आणि मग ठरवा.

तिसरा मुद्दा यंत्राच्या वेळेचा. ‘यंत्राने दर चालीला नेमके तीस सेकंद घ्यावेत’ असा नियम करू नका. डिसेंबर २०१७ मध्ये अल्फाझिरो या स्वतःशीच खेळून शिकलेल्या प्रोग्रामने स्टॉकफिशच्या आठव्या आवृत्तीला शंभर डावांत २८ विजय आणि ७२ बरोबऱ्या असे हरवले, तेव्हा दोघांनाही दर चालीला एक मिनिट दिले होते. स्टॉकफिशच्या बाजूने लगेच आक्षेप आला की अवघड जागी जास्त आणि सोप्या जागी कमी वेळ खर्च करण्याची त्याची कला या नियमाने निरुपयोगी केली. २०१८ च्या सविस्तर शोधनिबंधात तीन तास अधिक दर चालीला पंधरा सेकंद असा वेळ ठेवून हजार डाव खेळवले गेले; अल्फाझिरो तेव्हाही जिंकलाच, १५५ विजय आणि ६ पराभव अशा हिशेबाने, पण हरलेल्या डावांची संख्या शून्य राहिली नाही.

आणि मे महिना म्हणून सांगतो: पूर्ण ताकदीने खेळवणार असाल तर लॅपटॉप तापला की प्रोसेसर स्वतःचा वेग कमी करतो, आणि वीज जाऊन बॅटरीवर आला की बहुधा आणखी कमी करतो. पहिल्या आणि आठव्या डावातला प्रतिस्पर्धी एकच राहावा असे वाटत असेल तर वेळेऐवजी नोड्सची, म्हणजे एका चालीसाठी तपासायच्या स्थितींची, मर्यादा घाला. मग बाहेर ४३ अंश असो की २३, त्याचा खेळ तेवढाच राहतो, आणि घड्याळ फक्त माणसासाठी उरते. अट एकच: काही हजार नोड्सवरही ते आपल्या गटाला भारी पडेल, त्यामुळे सूट तरीही लागेल.

सात_रस्ता_हत्ती

सगळे विद्वत्तेचे झाले. पण पटाजवळ बसून यंत्राच्या चाली खेळणारा माणूस कोण, हे कोणी विचारले नाही. काही वर्षांपूर्वी आम्ही एका ठिकाणी असाच सामना ठेवला होता, पाच मिनिटांचा, वाढीव सेकंद नाहीत. पडद्यावरची चाल वाचायची, पटावर खेळायची, घड्याळ दाबायचे, समोरच्याची चाल परत संगणकात भरायची, यात दर चालीला चार-पाच सेकंद सहज जात होते. साठ चालींच्या डावात पाच मिनिटे तर हातातच संपली. इंजिन वजिराने पुढे असताना वेळेवर हरले, प्रेक्षकांनी टाळ्या वाजवल्या, आणि आम्हाला मान वर करवेना. दुसऱ्या डावात त्या माणसाने घाईत घोडा चुकीच्या घरात ठेवला आणि ती चाल कायम धरायची की मागे घ्यायची यावर अर्धा तास वाद झाला.

म्हणून वाढीव सेकंद ठेवाच. दहापेक्षा कमी नकोत. आणि पटावरची चाल व पडद्यावरची चाल यांत फरक आढळला तर पडद्यावरची खरी मानून स्थिती दुरुस्त करायची, हे आधीच कागदावर लिहून दोन्ही बाजूंच्या सह्या घ्या.

जुळेसोलापूरचे_प्यादे

सर्वांचे मनापासून आभार. काल रात्री आम्ही पुन्हा बसलो आणि बऱ्याच गोष्टी मार्गी लागल्या. प्रत्येकी २५ मिनिटे आणि दर चालीला १० सेकंद असा वेळ ठरला आहे. पंचसाहेबांच्या हिशेबाने बेरीज ३५ होते, म्हणजे तो रॅपिड आहे आणि फलकावर तसेच लिहिणार आहोत. डाव सकाळी आठला सुरू करून एका वेळी एक पट मांडला तर दिवसाला चार, असे दोन दिवसांत आठ डाव होतील. इंजिन नोड्सच्या मर्यादेवर खेळेल आणि सूट घोड्याची की हत्तीची हे पुढच्या दोन रविवारी ठरेल. मानांकनाचा आकडा रद्द केला. त्याऐवजी लॅपटॉप, इंजिनाची आवृत्ती, नोड्स, वेळ, सूट आणि निकाल एवढेच लिहू. निवृत्त बँकवाले काका आकड्यासाठी अजून हट्ट धरून आहेत, पण त्यांना २४४० चा हिशेब करून दाखवला तेव्हा ते जरा गप्प झाले.

एक शंका राहिली. बरोबरीचा प्रस्ताव आणि डाव सोडणे याचा अधिकार यंत्राच्या बाजूने कोणाला द्यावा? आणि सुरुवातीच्या चालींचा साठा, म्हणजे आधीच भरून ठेवलेल्या चाली, इंजिनाला वापरू द्यावा का?

भुईकोट_पंच

प्रस्ताव स्वीकारण्याचा किंवा डाव सोडण्याचा अधिकार चाली खेळणाऱ्या माणसाला देऊ नका. तो केवळ हात आहे. इंजिनाने दाखवलेले मूल्य, म्हणजे कोण किती पुढे आहे याचा आकडा, सलग दहा चाली ठरावीक मर्यादेत राहिले तरच बरोबरी मान्य, असा आकडी नियम आधी ठरवा आणि तो पाहण्याचे काम पंचाकडे ठेवा. तीनदा तीच स्थिती आणि पन्नास चालींचा नियम नेहमीप्रमाणेच लागू राहतील. यंत्राच्या बाजूने तो दावाही पंचच करील.

सुरुवातीच्या साठ्याबाबत २००६ चा बॉन येथील सामना पाहा. तेव्हाचे जगज्जेते क्रॅमनिक यांना प्रतिस्पर्धी प्रोग्राम डीप फ्रिट्झची प्रत आधी मिळाली होती, आणि यंत्र साठ्यातून खेळत असेपर्यंत तो साठा त्यांना पडद्यावर दिसत होता. तरीही ते ४-२ असे हरले, आणि दुसऱ्या डावात एका चालीतली मात त्यांच्या नजरेतून सुटली, ही गोष्ट वेगळी. तुमच्या सामन्यात मोहऱ्याची सूट असल्यामुळे नेहमीचा साठा पहिल्या चालीपासूनच निरुपयोगी आहे. तो बंद ठेवा आणि तसे कागदावर लिहा. त्याच कागदावर आणखी एक ओळ हवी: समोरच्याच्या वेळेत यंत्राने विचार करायचा नाही. नोड्सची मर्यादा घातली तरी तो पर्याय वेगळा बंद करावा लागतो, आणि तो बंद आहे याची खात्री प्रत्येक डावाआधी पंचाने स्वतः पडद्यावर करावी.